पहिली सिगार, गंगापूर रोड

(पहिल्या चौकटीपासून शेवटपर्यंत पडद्यावर खाली पाटी: तंबाखूमुळे कर्करोग होतो.)

सिन्नर. नाशिकहून पुण्याकडे निघालं की तीसेक किलोमीटरवर. इथे विडीचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालला. मांडीवर सूप, सुपात भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं. पत्र्याचं माप ठेवून कात्रीने पान कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांवर. जिचा हात बसला आहे ती बाई पानाकडे बघतसुद्धा नाही.

आजचा विषय सिगार आहे, तरी कॅमेरा आधी इथे आणला. सिगार म्हटलं की आपल्याला सिनेमातला खलनायक आठवतो, कातडी खुर्ची आठवते. मुळात तेही असंच बसून करायचं हातकाम आहे. हवानाच्या कारखान्यांत १८६५ सालापासून एक प्रथा आहे: कामगार सिगार वळत असतात आणि एक वाचक उंच आसनावर बसून त्यांना वर्तमानपत्रं, कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवतो. त्याचा पगार पूर्वी कामगारच वर्गणी काढून देत. सिन्नरच्या ओट्यावर हे काम शेजारणी फुकट करतात.

(दृश्य: टेबलावर उभी चिरलेली सिगार, पानांचे थर सुटे.)

विडीचं बाहेरचं पान तेंदूचं, तंबाखू फक्त आत. सिगार मात्र बाहेरून आतपर्यंत तंबाखूच. मधे लांब पानांचा गाभा, त्याला आवळून धरणारं एक पान, आणि सगळ्यात वर निगुतीने वाढवलेलं, पातळ, तेलकट झाक असलेलं आवरण. गाभ्यातली पानं झाडाच्या वेगवेगळ्या उंचीवरची असतात. शेंड्याची पानं ऊन खाऊन जाड आणि जहाल होतात, सावकाश जळतात, म्हणून ती मधोमध घालतात. बुडाजवळची पानं चवीला सौम्य, पण सिगार पेटती राहते ती त्यांच्यामुळे.

तोडलेलं पान कोठारात टांगून दीड-दोन महिने वाळवतात. मग पाणी शिंपडून मोठाले ढीग रचतात. ढिगाला आतून आपोआप ऊब येते, अमोनिया निघून जातो, कडवटपणा उतरतो. ऊब फार वाढली की ढीग मोडायचा, आतली पानं बाहेर, बाहेरची आत, आणि पुन्हा रचायचा. ज्याने कंपोस्टचा खड्डा भरलाय त्याला हे समजावून सांगायला नको. यानंतरही पानं मुरायला ठेवतात. शेतापासून खोक्यापर्यंत दोन-तीन वर्षं सहज जातात. एका सिगारला हजाराच्या वर रुपये मोजतो तेव्हा त्यात आयातीचा कर असतोच, बाकी दाम बराचसा या थांबण्याचा.

(दृश्य: गच्ची, जानेवारीची संध्याकाळ.)

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका बंगल्याची गच्ची. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला २००८ पासून बंदी आहे, त्यामुळे हॉटेलच्या भानगडीत न पडता घरीच. हे मामा, व्यापारी जहाजावरून निवृत्त झालेले. हा त्यांचा भाचा, पिंपळगावचा द्राक्ष बागायतदार. आयुष्यात सिगारेटही ओढलेली नाही. सिगारच्या कमरेची रंगीत पट्टी आम्ही मुद्दाम उलटी फिरवली आहे. तंबाखूच्या जाहिरातीला २००३ च्या कायद्याने मनाई आहे, आणि नाव कळून तुमचा काही फायदाही नाही.

"जेवलास ना?" मामांचा पहिला प्रश्न. पिठलं-भाकरी पोटात गेल्याची खात्री झाल्यावरच डबा उघडला. सिगार पाच इंच लांब. जाडी मोजायची रीत मजेशीर आहे, इंचाचा चौसष्टावा भाग हे एकक. ही पन्नासची, म्हणजे व्यासाला दोन सेंटिमीटरला थोडी कमी. मामांनी ती दोन बोटांत धरून हलकेच दाबत शेवटपर्यंत नेली. कुठे पोकळ नाही, कुठे गाठ नाही.

कापायची ती तोंडात धरायची बाजू. तिथे पानाचाच एक गोल तुकडा टोपीसारखा चिकटवलेला असतो. कापायची ती फक्त टोपी, जेमतेम दोन मिलिमीटर. जास्त कापलं तर वरचं आवरण सुटत जातं. मग न पेटवताच एक झुरका. हवा किती मोकळी येते ते यात कळतं. भाचा थांबला. पुन्हा ओढून बघितलं.

"मामा, बेदाण्याच्या शेडमध्ये येतो ना, तसला वास आहे."

मामांनी आमच्याकडे बघितलं. पुस्तकी वर्णनांत चामडं, देवदार, कोको असले शब्द असतात, आणि त्यातला निम्मा भाग रुबाब असतो असं आमचं मत आहे. गेल्या पंचवीसेक वर्षांत नाशिककर वाइनचा पेला गोल फिरवायला शिकला, तेव्हाही हे शब्द आधी आले आणि चव नंतर. या गड्याने पेटवायच्या आधीच स्वतःच्या शेडमधला वास ओळखला.

पेटवताना वाऱ्याने दमवलं. ज्योत पानाला टेकवायची नसते. टोक तिच्या थोडं वर धरून फिरवत राहायचं, कडा काळी पडू द्यायची, मग हलके झुरके घेत आच मधोमध ओढायची. वारा पश्चिमेचा, त्यामुळे एक बाजू भराभर जळू लागली आणि दुसरी मागे राहिली. मागे राहिलेल्या बाजूला पुन्हा आच दाखवली तेव्हा कुठे गोल सरळ झाला.

"आत नाही घ्यायचा. तोंडात धर, जिभेवर फिरव, सोड."

पहिला झुरका, आणि ठसका. दुसरा नीट.

"काय लागतंय?"

"धूर लागतोय, मामा."

"लागू दे. आता मिनिटभर हात लावू नकोस."

हे मिनिटभर थांबणं फार महत्त्वाचं. विडी ओढत राहिली नाही तर विझते, म्हणून विडीवाल्याची सवय घाईची. सिगारला घाई केली की टोक तापतं, धूर तिखट होतो आणि सगळी चव जळून जाते. मिनिटाला एक झुरका पुरतो. पहिल्या तृतीयांशात भाच्याला जिभेच्या कडेला काळी मिरी जाणवली आणि कोरडं लाकूड. राख पांढुरकी, घट्ट, इंचभर झाली तरी पडेना. मधल्या भागात भाजल्याचा खमंगपणा आला, मागून थोडी गोडी. मामांनी नाकातून किंचित धूर सोडून दाखवला. बहुतेक सुवास नाकालाच कळतात. भाच्याने तसं करून बघितलं आणि डोळ्यांतून पाणी काढलं.

शेवटच्या भागाला तो गप्प झाला. कपाळावर घाम, जानेवारीत.

मामांनी गुळाचा खडा पुढे केला. छातीत धूर न घेता निकोटीन लागतं कसं, तर सिगारचा धूर सिगारेटच्या मानाने अल्कधर्मी असतो आणि निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात उतरतं. मोठ्या एका सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. 'आम्ही कुठे आत घेतो' म्हणणाऱ्यालाही तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कर्करोग होतो. पाटी खाली शेवटपर्यंत ठेवली आहे ती उगाच नाही.

उरलेला तुकडा चिरडायचा नसतो, त्याने उग्र वास सुटतो. रक्षापात्रात ठेवला की आपोआप विझतो.

मामांच्या डब्यात अजून एक आहे. हवाबंद डबा, आत ओलावा राखणारी पुडी, आर्द्रता ६५ ते ७० टक्के. एप्रिल-मेच्या कोरड्या नाशिकमध्ये उघडी ठेवली तर सिगार तडकते, श्रावणात तिला बुरशी धरते. तोंड धुऊन, साखर जास्त घातलेला चहा पिऊन भाचा परत आला तेव्हा मामांनी ती त्याच्या हातात दिली. त्याने नाकाशी धरली, बराच वेळ वास घेतला आणि डब्यात परत ठेवली.

"न पेटवताच चांगली आहे, मामा."

"मग बेदाणेच खा की. तुझ्या शेडात फुकट पडलेत."