घरासाठीचं अनुदान शेवटी मुरतं कुठे?

मित्रहो, घर परवडत नाही असं म्हणताना तीन निरनिराळ्या अडचणी आपण एकाच वाक्यात कोंबतो. एखाद्याकडे सुरुवातीला भरायची रक्कम नसते. दुसऱ्याला मासिक हप्ता झेपत नाही. तिसऱ्याकडे दोन्हींची सोय असते, पण उत्पन्नाचा कागद नसतो, म्हणून बँक कर्ज देत नाही. सरकारी योजना बहुतेक वेळा पहिल्या दोघांच्या हातात पैसे ठेवून मोकळ्या होतात. त्या पैशांचं पुढे काय होतं, हाच आज माझा मुख्य मुद्दा आहे.

बांधकाम व्यावसायिक जमिनीचा भाव कसा ठरवतो ते आधी पाहू. तयार घर कितीला विकलं जाईल याचा तो अंदाज घेतो. त्यातून बांधकामखर्च, शुल्क, कर्जावरचं व्याज आणि स्वतःचा नफा वजा करतो. उरेल तेवढं जमिनीला देता येतं. त्याच्या शेजारचा व्यावसायिकही हेच गणित मांडतो आणि त्याच जमिनीवर बोली लावतो. आता सरकारने प्रत्येक ग्राहकाची ऐपत 10 टक्क्यांनी वाढवली, पण बांधायला मिळणारी जागा तेवढीच ठेवली, तर वाढलेली रक्कम बोलीतून जमीनमालकाकडे सरकते. ग्राहकाच्या नावाने काढलेलं अनुदान असं दुसऱ्याच्या पदरात पडतं.

इंग्लंडमध्ये 2013 साली ‘हेल्प टू बाय’ योजना आली. ग्राहकाने 5 टक्के भरायचे, नव्या घराच्या किमतीच्या 20 टक्क्यांपर्यंत सरकारी कर्ज, तेही पहिली पाच वर्षं बिनव्याजी. लंडनसाठी 2016 पासून ही मर्यादा 40 टक्के झाली. अभ्यासकांनी लंडनच्या हद्दीच्या अलीकडची आणि पलीकडची घरं ताडून पाहिली. हद्दीच्या आत किमती वाढल्या, बांधकाम मात्र फारसं वाढलं नाही. इंग्लंड-वेल्सच्या सीमेवर, जिथे जागा मोकळी आणि परवाने तुलनेने सोपे, तिथे उलट घडलं: बांधकाम वाढलं आणि किमती जवळपास जागच्या जागी राहिल्या. म्हणून अनुदान चांगलं की वाईट, हा वाद मला अपुरा वाटतो. ते कुठल्या जमिनीवर ओतलं जातंय, हे आधी विचारायला हवं.

कर्जाची मुदत वाढवण्याचंही तसंच आहे. कुठल्याही चलनात 1,00,000 चं कर्ज घ्या, व्याज 8 टक्के. 20 वर्षांसाठी हप्ता साधारण 836 येतो, 30 वर्षांसाठी 734. हप्ता हलका झाला असं वाटतं. पण 836 भरू शकणारा माणूस आता 1,14,000 चं कर्ज काढू शकतो, आणि टंचाईच्या शहरात घराची किंमत तिथवर चढते. हप्ता पुन्हा 836, वर दहा वर्षं जास्त.

यावर इलाज बांधकामाला जागा खुली करण्याचा. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडने 2016 च्या विकास आराखड्यात निवासी जमिनीच्या सुमारे तीन-चतुर्थांश भागावर जास्त घरं बांधायची मुभा दिली. त्यानंतर परवाने आणि बांधकाम ठळकपणे वाढलं, विशेषतः जोडघरांचं. परवान्याला लागणारा वेळही किमतीत शिरतो. जमिनीत अडकलेल्या पैशावर वर्षाला 12 टक्के व्याज धरलं, तर तीन वर्षांच्या दिरंगाईत जमिनीचा खर्च 40 टक्क्यांनी फुगतो. ठराविक मुदतीत लेखी कारण देऊन नकार दिला नाही तर परवाना मिळाला असं मानायचं, हा नियम त्यासाठीच हवा.

पण घरं कुठेही बांधून चालत नाही. मेक्सिकोत कर्मचाऱ्याच्या पगाराच्या 5 टक्क्यांइतकी रक्कम मालक राष्ट्रीय गृहनिधीत भरतो. त्या निधीच्या कर्जांवर शहरांपासून लांब, स्वस्त जमिनीवर प्रचंड वसाहती उभ्या राहिल्या. 2010 च्या जनगणनेत देशात सुमारे 50 लाख घरं रिकामी निघाली. त्यात लांबच्या वसाहतींमधली घरं पुष्कळ होती, कारण प्रवासात पगार आणि दिवस दोन्ही संपत होते. हप्त्यात प्रवासखर्च मिळवल्याशिवाय ‘परवडणारं’ हा शब्द वापरूच नये.

दुसरा प्रश्न, अनुदान पहिल्या ग्राहकाबरोबर निघून जातं त्याचा. ब्रिटनमध्ये 1980 च्या कायद्याने सरकारी भाडेकरूंना 33 ते 50 टक्के सवलतीत घर विकत घेता आलं. त्या कुटुंबांचं भलं झालं. मात्र विक्रीचा पैसा नव्या घरांत घालायला स्थानिक संस्थांवर कडक मर्यादा होत्या, त्यामुळे पुढच्या गरजूसाठी साठा आटत गेला. सामुदायिक भू-न्यासात असं होत नाही. जमीन न्यासाची, घर कुटुंबाचं, मध्ये बहुधा 99 वर्षांचा भाडेपट्टा. समजा बाजारभाव 100 असताना 30 अनुदान मिळून घर 70 ला घेतलं. पुढे बाजारभाव 140 झाला. करारानुसार वाढीचा चौथा हिस्सा मालकाचा असेल, तर तो 80 ला विकतो: त्याला 10 मिळाले, शिवाय फेडलेलं मुद्दल आणि नोंद केलेल्या सुधारणांचं मोल. पुढच्या कुटुंबाला नवं अनुदान न देता घर बाजारभावाच्या निम्म्याच्या थोडं वर मिळतं. इथे घोडं अडतं ते बँकेपाशी. जमीन तारण नसल्याने ती कर्ज नाकारते. म्हणून कर्ज थकल्यास बँकेला घर विकता येईल, पण खरेदीचा पहिला हक्क न्यासाचा, हे कलम भाडेपट्ट्यात आधीच लिहावं लागतं.

सिंगापूरनेही हा धडा हळूहळू घेतला. 1966 च्या भूसंपादन कायद्यामुळे जमीन सरकारकडे आली, 1968 पासून भविष्य निर्वाह निधीतून सरकारने बांधलेलं अनुदानित घर घेता येऊ लागलं. पाच वर्षं राहिल्यावर बाजारभावाने विकायची मुभा होती. 2021 पासून मोक्याच्या जागांवरच्या नव्या योजनांत ही अट 10 वर्षांची झाली आणि विक्रीच्या वेळी अनुदानाचा हिस्सा परत घेतला जाऊ लागला.

आता कागद नसलेल्या माणसाकडे येऊ. अमेरिकेत 1934 पूर्वी घरकर्ज बहुधा निम्म्या किमतीचं आणि पाच-दहा वर्षांचं असे. कर्ज बुडालं तर बँकेचं नुकसान भरून देणाऱ्या सरकारी विम्यामुळे ते 80 टक्के आणि 20 वर्षांपर्यंत गेलं. पण त्याच विम्याच्या नियमांनी कृष्णवर्णीय वस्त्या धोकादायक ठरवून वगळल्या, आणि घरांबाबतच्या भेदभावाला देशभर बंदी घालायला 1968 चा कायदा यावा लागला. तो अन्याय पिढ्यान्‌पिढ्या मालमत्तेत उमटला. म्हणून अशा कर्जहमी योजनेची पात्रता व्यक्तीच्या परतफेडीच्या सवयीवर ठरावी, तिच्या पत्त्यावर नाही. सलग 24 महिने वेळेवर भरलेलं भाडं, वीजबिलं, ठरलेल्या रकमेची नियमित बचत, एवढ्यावर फेरीवाल्याची किंवा घरकाम करणाऱ्या बाईची पत दिसते.

घर मिळाल्यावर ते टिकायलाही हवं. स्वस्त इमारतींत पहिली काही वर्षं देखभाल-वर्गणी मुद्दाम कमी ठेवली जाते. मग उद्वाहन, पंप, गच्चीची गळती एकदम समोर येतात, आणि हप्ता जेमतेम भरणारी कुटुंबं घर विकून बाहेर पडतात. मोठ्या दुरुस्तीचा निधी ताबा दिल्यापासून वेगळ्या खात्यात जमा झाला पाहिजे, आणि कर्ज मंजूर करताना त्याची वर्गणी हप्त्यातच धरली पाहिजे.