सहा सेकंदाला एक श्वास

राम राम मंडळी. मी १०८ च्या गाडीवर डॉक्टर आहे, गेली नऊ वर्षं, आणि त्यातली बहुतेक सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा तालुक्यात गेली. मला बोलायला बोलावलं तेव्हा आधी वाटलं काय सांगायचं, पण मग म्हटलं आत्ता ऐकणाऱ्यांत कोणी केळीला पाणी भरत असेल, कोणी भाकरी थापत असेल, कोणी सुरत हायवेला ट्रक घेऊन निघालं असेल, आणि आमची गाडी पोचायच्या आधी पेशंटजवळ तुम्हीच असता ना, म्हणून तुमच्याशीच बोलायचंय.

लोक विचारतात, ताई तुम्ही नर्स का, का कंपाउंडर. दुसऱ्या बऱ्याच राज्यांत १०८ च्या गाडीत मागे ट्रेनिंग घेतलेला टेक्निशियन असतो, बाहेरच्या देशांत त्याला पॅरामेडिक म्हणतात, पण आपल्या महाराष्ट्रात २६ जानेवारी २०१४ ला ही सेवा सुरू झाली तेव्हापासून मागे डॉक्टर असतो, आणि तो बहुतेक वेळा माझ्यासारखा बीएएमएस किंवा बीएचएमएस झालेला असतो. सुरुवातीला ९३७ गाड्या होत्या, त्यातल्या २३३ मोठ्या, व्हेंटिलेटर वगैरे असलेल्या, आणि ७०४ साध्या. मी साध्या गाडीवर. साधी म्हणजे रिकामी नाही हं, ऑक्सिजन आहे, तोंडा-घशातलं रक्त, लाळ ओढून काढणारं सक्शन मशीन आहे, औषधं, स्पाइन बोर्ड, मानेचा कॉलर, डिलिव्हरी किट, सगळं आहे, फक्त व्हेंटिलेटर नाही. आणि माणसं दोन. गाडी चालवतो त्याला आम्ही पायलट म्हणतो, तो पुढे, म्हणजे मागे पेशंटजवळ हात दोनच, माझे. हे लक्षात ठेवा, मी परत त्याच्यावर येणार आहे.

कॉलेजात आम्ही चरक सुश्रुत वाचले, नाडी शिकलो, ओपीडीत बसलो, पण रस्त्यावर उकिडवं बसून रात्री बॅटरीच्या उजेडात सलाईन लावणं कोणी शिकवलं नव्हतं. ते ट्रेनिंगमध्ये आलं. प्लास्टिकच्या पुतळ्याची छाती दाबून दाबून गुडघे सोलवटले, तळहाताला घट्टे पडले, मिनिटाला १०० ते १२० वेळा, दर वेळी छाती निदान पाच सेंटिमीटर खाली गेली पाहिजे आणि परत पूर्ण वर आली पाहिजे, वर येऊ दिली नाही तर हृदयात रक्त भरणारच नाही. मग मान न हलवता माणूस एका कुशीवर कसा वळवायचा, एकाने डोकं धरायचं आणि डोकं धरणाऱ्याच्याच इशाऱ्यावर बाकीच्यांनी वळवायचं. मग डोळे बांधून बॅगमधनं वस्तू काढायची प्रॅक्टिस, मास्क कुठे, कातर कुठे, नाळेचा क्लॅम्प कुठे. तेव्हा मला हे उगाच वाटायचं, पण एकदा पाड्यावर रात्री लाईट नाही आणि माझी बॅटरी चिखलात पडली तेव्हा समजलं कशाला शिकवलं ते.

आणि सगळ्यात आधी शिकवलेली गोष्ट सगळ्यात अवघड वाटते, की उतरल्या उतरल्या पेशंटकडे पळायचं नाही. आधी बघायचं, वायर तुटून पडलीय का, डिझेल सांडलंय का, मागून ट्रक येतोय का. लोक ओरडतात, बघता काय, या ना. पण मीच गाडीखाली गेले तर तिथे पेशंट दोन आणि डॉक्टर शून्य.

एक माझी चूक सांगते. पहिल्याच महिन्यात बाईकचा अपघात होता, तरुण माणूस, बेशुद्ध, तोंडात रक्त, मी सक्शन मशीन लावलं तर ते चालूच होईना. सकाळी ड्युटीवर आल्यावर मी चार्जिंग बघितलं नव्हतं, हँडओव्हरच्या रजिस्टरला सही केली आणि चहाला गेले होते. त्या माणसाला कुशीवर वळवून बोटाला गॉज गुंडाळून तोंड साफ करत आणलं, तो वाचला, पण माझ्यामुळे वाचला असं मी म्हणू शकत नाही. त्या दिवसापासून मी आल्या आल्या सक्शन चालू करून ग्लासातलं पाणी ओढून बघते, सिलिंडर उघडून काटा बघते, आणि सिलिंडर उघडायचा पाना मी सुतळीने सिलिंडरच्या मानेलाच बांधून टाकलाय, कारण तो लहानसा पाना ऐन वेळी सीटखाली गेला तर भरलेला सिलिंडर असून नसल्यासारखा.

आता ती मण्यारची केस सांगते.

आषाढातली गोष्ट, पाऊस लागलेला. सातपुड्यातल्या एका पाड्यावरची चौदा वर्षांची मुलगी, रात्री खाली जमिनीवर झोपलेली, पहाटे उठून म्हणाली पोटात दुखतंय, उलटी झाली. घरच्यांना वाटलं काही खाल्लं असेल. थोड्या वेळाने म्हणाली पापण्या उघडत नाहीत, मग बोलणं जड झालं. साप कोणी पाहिला नाही, अंगावर दात दिसले नाहीत. मण्यार असाच चावतो, दुखत नाही, सूज नाही, खूण धड दिसत नाही, झोपलेल्या माणसाला कळतही नाही. घरच्यांनी तिला बाईकवर मध्ये बसवून दवाखान्यात आणलं, तिथल्या डॉक्टरांनी पापण्या बघूनच ओळखलं, सापाचं इंजेक्शन सुरू केलं आणि आम्हाला जळगावला न्यायला बोलावलं. हे औषध भारतातल्या चार मुख्य सापांवर चालतं, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. पण मण्यारच्या विषाने नसा एकदा धरल्या की औषध दिल्यावरही त्या लगेच मोकळ्या होत नाहीत, तोवर छातीचे स्नायू बंद पडतात आणि श्वास थांबतो. म्हणजे तोवर दुसऱ्या कोणीतरी श्वास द्यायचा.

आम्ही निघालो आणि अडावदच्या अलीकडेच तिचा श्वास उथळ झाला, मग थांबल्यासारखाच. मी मास्क तोंडावर बसवला आणि अंबू बॅग दाबायला लागले. अंबू बॅग म्हणजे फुगीर रबरी पिशवी, दाबली की हवा आत जाते, सोडली की आपोआप फुगते. पण एका हाताने मास्क नीट बसत नाही, हनुवटी वर उचलून धरायची आणि मास्क घट्ट दाबायचा, कडेने हवा गेली की सगळं फुकट, आणि दुसऱ्या हाताने पिशवी. गाडी खड्ड्यात गेली की मास्क सुटायचा. तिचा भाऊ सोबत होता, सतरा-अठराचा, तो रडत होता, गेली गेली म्हणत होता त्यांच्या पावरी भाषेत. मी त्याला हाताला धरून खाली बसवलं, म्हटलं भाऊ, ही पिशवी धर, मी म्हणेन दाब तेव्हा दाबायची, मग सोडायची, बस. आणि मी दोन्ही हातांनी मास्क धरला. सहा सेकंदाला एक. मी मोजायचे, एक दोन तीन चार पाच, दाब. पहिले दहा-बारा वेळा त्याचे हात थरथरत होते, मग जमलं, छाती वर येताना त्याला दिसली, आणि त्याचं रडणं आपोआप थांबलं.

धानोऱ्याजवळ मी गाडी थांबवली. पायलट भाऊंनी एका शब्दाने विचारलं नाही, पण मुलीचे काका चिडले, इतक्या घाईत थांबता कशाला, पळवा. झालं असं होतं की तिला गिळता येत नव्हतं, लाळ घशात साचली होती, आणि हलत्या गाडीत सक्शनची नळी नीट आत जात नव्हती. थांबलो, अर्ध्या मिनिटात घसा साफ केला, परत निघालो. न थांबता पळवली असती तर आम्ही थोडं आधी जळगावात असतो आणि ती नसती. हे मला सगळ्यांना सांगावंसं वाटतं, कारण गाडी थांबली की लोकांना वाटतं डॉक्टर घाबरली किंवा तिला काही येत नाही.

विदगावजवळ तापीचा पूल लागला तेव्हा नदी काठोकाठ होती, मी खिडकीतनं बघितलं आणि मोजणं चुकलं, तर भावाने मोजणं सोडलं नव्हतं, तो पाच म्हणाला आणि दाबलं. एकूण सव्वा तास लागला, म्हणजे साडेसातशेच्या आसपास श्वास. जळगावला व्हेंटिलेटरवर घेतली, काही दिवसांनी ती स्वतःचा श्वास घ्यायला लागली.

पुढे आई तिला घेऊन भेटायला आली तेव्हा मुलगी हळूच म्हणाली, दादा गेली गेली म्हणत होता ते मला ऐकू येत होतं. मी सुन्न झाले. पुस्तकात वाचलेलं होतं, या विषात माणूस हलू शकत नाही, डोळे उघडू शकत नाही, पण शुद्धीवर असू शकतो. तेव्हापासून मी निपचित पडलेल्या माणसाशीही बोलत राहते, नावाने, की आपण गाडीत आहोत, आता पूल आला, आता शहर आलं. आणि नातेवाईकांनाही सांगते, त्याच्यासमोर तो गेला असं म्हणू नका.

नंतर मी वाचलं की १९५२ मध्ये डेन्मार्कला कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली, पेशंट शेकड्यांनी आणि श्वास देणाऱ्या मशीन मोजक्या, तर मेडिकलच्या सुमारे दीड हजार मुलामुलींनी पाळ्या लावून, दिवसरात्र, हाताने पिशवी दाबून माणसं जगवली. मग त्याच देशात चार वर्षांनी ही आपोआप फुगणारी अंबू बॅग आली. मला ते वाचून आमचा तो भाऊच आठवला. शिकलेला किती होता माहीत नाही, पण त्या दिवशी तो त्यांच्यातलाच एक होता.

म्हणून मंडळी, गाडी यायच्या आधीचे हात तुमचे आहेत. फोनपासूनच सुरुवात होते. १०८ चा फोन पुण्याच्या कंट्रोल रूमला लागतो, तिथल्या माणसाला तुमचं वडाचं झाड आणि अमक्याची आटाचक्की माहीत नसणार, तो विचारतो काय झालंय आणि आपण घाबरून गाडी धाडा, गाडी धाडा एवढंच म्हणत राहतो. जिल्हा, तालुका, गाव, कोणत्या फाट्यापासून आत, एवढं सांगा, एमपीच्या हद्दीजवळ असाल तर राज्यही सांगा, कधी कधी फोन पलीकडचा टॉवर धरतो. फोन ठेवू नका, आणि एक माणूस रस्त्यावर उभा करा. रात्री पाड्यापाड्यांत घर शोधण्यात गेलेली दहा मिनिटं मला फार खुपतात.

साप चावला तर दोरी करकचून बांधू नका, चिरा देऊ नका, चोखू नका. बांगड्या, कडी, जोडवी आधी काढा कारण घोणस चावला असेल तर सूज येते. पेशंटला चालवू नका, उचलून आणा, चावलेला हात-पाय लाकडाला बांधून हलू देऊ नका. साप पकडायच्या मागे लागू नका, तो बघून आम्ही औषध बदलत नाही. भगताकडे जायचं असेल तर दवाखान्यातून आल्यावर जा, मी नाही म्हणणार नाही. आणि पावसाळ्यात खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचून, हे एवढं केलं तरी मण्यारचं अर्धं काम संपलं.

बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका, हे मला उन्हाळ्यात फार दिसतं, भुसावळकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, शेतात माणूस कोसळतो आणि चार जण प्रेमाने पाणी पाजतात, ते फुफ्फुसात जातं. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंग ओलं करा, वारा घाला, कुशीवर वळवा. फिट आली तरी कुशीवरच, कांदा, चप्पल हुंगवायची काही गरज नाही. आणि जो हाक मारल्यावर हलत नाही आणि श्वासही घेत नाही, त्याची छाती मधोमध दाबायला लागा, सेकंदाला जवळजवळ दोनदा, दमलात की दुसऱ्याला द्या, पण थांबू नका. चुकीचं होईल म्हणून लोक हात लावत नाहीत, पण त्याचं हृदय बंद आहे, यापेक्षा वाईट तुम्ही त्याचं काय करणार?

अपघातात मदत केली तर पोलिसांचं लचांड मागे लागेल ही भीती अजून आहे, हायवेवर मी रोज बघते, गाड्या हळू होतात, मोबाईल बाहेर निघतात आणि पुढे जातात. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये आणि मग २०१९ च्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय, नाव सांगायची सक्तीसुद्धा तुमच्यावर नाही. फक्त जखमीला हातपाय धरून ओढून रिक्षात कोंबू नका, आग, पाणी, ट्रॅफिक असा धोका नसेल तर आहे तिथे मान स्थिर धरून ठेवा, कोणीतरी डोक्याजवळ बसा.

मागच्या श्रावणात रात्री दोनला केस आली, बाळंतपणाची. पत्ता इतका नीट होता की मला नवल वाटलं, जिल्हा, तालुका, पाडा, फाट्यापासून दोन किलोमीटर, नाल्याला पाणी आहे पण गाडी निघते. पाऊस होता. पायलट भाऊ म्हणाले, मॅडम, तो बघा, आणि लांब फाट्यावर एक बॅटरी हलत होती, डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे. जवळ गेलो तर तोच भाऊ, आता मिशी फुटलेला, वहिनी अडली होती. आम्ही तिला गाडीत घेतलं, नाल्याच्या अलीकडेच थांबावं लागलं कारण बाळाचं डोकं दिसायला लागलं होतं. मी हातमोजे घालत होते तर तो दाराशी उभा, पाठमोरा, आत न बघता विचारत होता, ताई, काय धरू?