प्रुशियनांचे घोडे

श्रोतेहो, नमस्कार.

प्रुशिया म्हटलं की टोकदार शिरस्त्राणं घातलेली जर्मन पलटण डोळ्यांपुढे येते. पण हे नाव मुळात ज्यांचं, ती माणसं जर्मन नव्हती. बाल्टिक समुद्राच्या दक्षिण काठाला, विस्तुला आणि नेमान या नद्यांच्या मधल्या मुलखात ती राहत. लिथुआनियन, लाटव्हियन लोकांची भाऊबंद. आज त्यांच्याबद्दल बोलायचं आहे.

इसवी सन 890च्या आसपास वुल्फस्टान नावाचा दर्यावर्दी आजच्या जर्मनीतल्या हेडेबी बंदराहून निघाला आणि सात दिवस, सात रात्री प्रवास करून प्रुशियनांच्या मुलखातल्या त्रुसो बंदराला लागला. त्याची हकिगत इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाच्या काळात लिहून ठेवली गेली, म्हणून आपल्याला ती ऐकायला मिळते.

तो सांगतो, इथे माणूस गेला की लगेच दहन करत नाहीत. प्रेत महिना-दोन महिने घरातच असतं, राजाचं तर सहा महिनेसुद्धा. तोवर आप्तेष्टांचं पिणं आणि खेळ चालू. मयताची बरीचशी मिळकत त्यातच संपते. उरलेल्या चीजवस्तूंचे दहनाच्या दिवशी पाच-सहा वाटे घालतात. सगळ्यात मोठा वाटा घरापासून मैलभर लांब, त्याहून लहान जरा अलीकडे, आणि सगळ्यात लहान वाटा घराच्या अगदी जवळ. पंचक्रोशीतले घोडेस्वार त्याच्याही पलीकडे पाच-सहा मैलांवर जमतात आणि तिथून एकदम घोडे फेकतात. जो पहिला पोहोचेल, मोठा वाटा त्याचा. मग दुसरा, मग तिसरा. त्यामुळे त्या मुलखात वेगवान घोड्याला भारी किंमत येते, असंही वुल्फस्टान नोंदवतो.

या साऱ्या हकिगतीत वारसाच्या हक्काचा शब्दही येत नाही. वाटणीवरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणारी घरं आपण पाहिलेली असतात. मला तर हे वाचून कितीतरी वेळ दुसरं काही सुचलं नाही.

शर्यत झाली की मयताला त्याच्या शस्त्रांसह, कपड्यांसह जाळत. एक हाड जरी न जळता राहिलं तरी जबर दंड.

पुढे 1230च्या सुमारास ट्यूटॉनिक सरदार, म्हणजे जर्मन धर्मयोद्धे, क्रूस घेऊन आले. 1249 साली ख्रिस्टबर्गला त्यांचा प्रुशियनांशी तह झाला. मयतासोबत घोडे जाळायचे किंवा पुरायचे नाहीत, हे त्यात कबूल करून घेतलं. अंत्यविधीच्या पुरोहितांनाही बंदी आली. हे पुरोहित आकाशाकडे बघत आणि सांगत: तो पाहा, लखलखती शस्त्रं ल्यालेला, हातावर ससाणा घेतलेला, घोड्यावर बसून परलोकी चाललाय! घरच्यांना त्या क्षणी केवढा धीर येत असेल.

1260 साली लोक उठले, चौदा वर्षं लढले आणि हरले. मुलूख गेला, नावही जिंकणाऱ्यांनी घेतलं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या प्लेगनंतर प्रुशियनांची मूळ भाषा बोलणारं कुणी उरलं नाही.

उरली ती थोडी धर्मपुस्तकं आणि एल्बिंग गावाच्या नावाने ओळखली जाणारी सुमारे आठशे शब्दांची एक यादी. त्याच गावाजवळ 1982 साली त्रुसोचे अवशेष सापडले. यादीत धुराला ‘दुमिस’ म्हटलंय, आपला धूम. मांसाला ‘मेन्सो’. देवाला ‘देइविस’. दुधाला ‘ददन’, म्हणजे आपल्या दधीचं, दह्याचं सख्खं भावंड. आणि घोडीच्या दुधासाठी वेगळा शब्द आहे, ‘अस्विनन’. त्यात आपला अश्व तसाच्या तसा ऐकू येतो. वुल्फस्टानने लिहून ठेवलंय, इथला राजा आणि धनवंत घोडीचं दूध पितात, गरीब आणि गुलाम मधाची दारू.