पाणी बघून

(दृश्य: लालबागमधल्या चाळीची गॅलरी. दिवेलागणीची वेळ. फरशीवर पसरलेलं कालनिर्णय, शेजारी पेन आणि चहाचा कप.)

भिंतीवरचं कालनिर्णय उतरवून आम्ही खाली पसरलंय. नोव्हेंबरचं पान. भाऊबीज झाली की मुलांच्या शाळा सुरू व्हायला थोडे दिवस उरतात, त्यातले पाच आम्हाला हवेत. कुठे जायचं हे ठरलंय. कोयनेचं खोरं. त्याच्या वरच्या अंगाला इतिहासात जावळीचं खोरं म्हणतात.

गेल्या खेपेला आम्ही मे महिन्यात गेलो होतो आणि राहिलो होतो महाबळेश्वरला, डोंगरमाथ्यावर. घाटात गाड्यांची रांग लागली ती तीन तास हललीच नाही. मग एका पॉइंटच्या कठड्याशी गर्दीत उभे राहून आम्ही खाली पाहिलं. उन्हाच्या झळांत डोंगरांच्या निळ्या घड्या आणि मध्ये चकाकणारी पाण्याची एक चिंधी. माझी मुलगी म्हणाली, "आई, तिथे खाली कोण राहतं?"

मला सांगता आलं नाही. मुंबईला परतेपर्यंत तेच डोक्यात घोळत राहिलं. म्हणून यंदा माथ्यावर नाही, खाली राहायचं.

(दृश्य: गॅलरीच्या टोकाची खोली. खुंटीला पांढरी टोपी. दारात बसलेले आबा, चेहरा अंधारात, हात उजेडात.)

खाली कोण राहतं हे सांगणारा माणूस आमच्याच मजल्यावर होता. शेवटच्या खोलीतले आबा. आयुष्यभर माथाडी. आधी मशीद बंदरच्या दाणाबाजारात, बाजार वाशीला गेल्यावर तिकडे. सत्तरी उलटली तरी खांदे अजून रुंद आहेत.

आबांच्यासारखी माणसं गिरणगावात हजारांनी आली. जावळी, पाटण, महाबळेश्वर तालुक्यातला तरुण मुंबईला उतरायचा तो थेट गावकीच्या खोलीवर. एका गावाची एक खोली, भिंतीशी पत्र्याच्या ट्रंका रचलेल्या, पाळीपाळीनं झोपणं. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच जागी अंग टाकणार. कोणी गिरणीत लागायचा, कोणी पाठीवर पोती घ्यायचा. माथाडींसाठी राज्यानं 1969 साली कायदा केला. तो ज्यांच्या लढ्यातून आला ते अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच. हे सहलीच्या निवेदनात कशाला, असं कोणी विचारेल. या खोऱ्यातली निम्मी माणसं मुंबईत होती, म्हणून. खोरं बघायचं तर आधी त्यांना विचारावं, असं मला मनापासून वाटतं.

आबांना म्हटलं, "आबा, तुमच्याकडे जायचंय. कधी जाऊ?"

आबा म्हणाले, "पाणी बघून जावा."

(दृश्य: स्टीलच्या पेल्यात बुडणारं बोट. फरशीवर ओली रेघ.)

आणि त्यांनी पेल्यात बोट बुडवून फरशीवर नदी काढली.

वर एक ठिपका, क्षेत्र महाबळेश्वर. तिथल्या पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानतात. सावित्री पश्चिमेला कोकणात उडी घेते, कृष्णा वाईकडे वळते. कोयना मात्र निघते ती सरळ दक्षिणेला, सह्याद्रीच्या मुख्य धारेला चिकटून. आबांचं बोट खाली खाली सरकत गेलं. पाऊणशे किलोमीटरच्या आत-बाहेर ही नदी डोंगराची सोबत सोडत नाही. मग हेळवाकला काटकोनात पूर्वेकडे वळते आणि कऱ्हाडला प्रीतिसंगमावर पुन्हा कृष्णेला भेटते. एका घरातून निघालेल्या दोघी बहिणी.

हेळवाकच्या वळणाशी आबांनी तळहात आडवा ठेवला. "हितं धरण."

तोवर वरची रेघ वाळली होती.

(दृश्य: सकाळ. पार गावातला दगडी पूल. कमानींखालून वाहणारं पाणी.)

आता बेत सांगते. मुंबईहून या खोऱ्यात उतरायचे दोन रस्ते आहेत. बहुतेक लोक द्रुतगती मार्गानं पुणे, खंबाटकी घाट, वाई आणि पसरणीचा घाट असे चढतात. आम्ही दुसरा धरलाय. पनवेल, पेण, महाड करत पोलादपूर आणि तिथून आंबेनळी घाट. पावसाळ्यात या घाटात दरडी येतात, तेव्हा त्याच्या वाटेला जाऊ नये. नोव्हेंबरात मात्र याच वाटेनं यावं, कारण ती आपल्याला प्रतापगडाच्या पायथ्याशी आणून सोडते. म्हणजे खोऱ्यात दारातूनच शिरणं होतं.

पहिला मुक्काम कुंभरोशी किंवा पार. पार गावात कोयनेवर एक जुना दगडी पूल आहे, शिवकाळातला म्हणून ओळखला जातो. नदी इथे लहान आहे, पोरीसारखी. खालचा अफाट जलाशय पाहण्याआधी ती इथे पाहून घ्यावी. पुलाच्या दगडांवर हात ठेवावा. सकाळी ते इतके गार असतात की बोटं आपोआप मिटतात. जवळच रामवरदायिनीचं देऊळ आहे. मुलांना घाई करू नये. पहिल्या दिवसाचं काम एवढंच.

दुसऱ्या दिवशी गड.

(दृश्य: प्रतापगडाच्या बुरुजावरून दिसणारं जंगल. धुकं खालून वर चढताना.)

जावळी चंद्रराव मोऱ्यांची. 1656 च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी ती घेतली आणि भोरप्या डोंगरावर मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली किल्ला उभा केला. तोच प्रतापगड. 10 नोव्हेंबर 1659 ला त्याच्या पायथ्याशी काय झालं, हे मराठी मुलाला सांगावं लागत नाही. शाळेत आपण वाघनखांपाशी रमतो. तिथे उभं राहिल्यावर कळतं की अर्धी लढाई या झाडीनं लढली होती. खानाचं बळ होतं घोडदळात, हत्तींत, तोफांत, आणि त्याला मोकळं मैदान हवं होतं. मैदानातला हा माणूस महाराजांनी अशा जागी आणला, जिथे वाटा पाऊलभर रुंद, रान दिवसाही काळं, आणि दहा पावलांपुढचा माणूस दिसत नाही. बुरुजावरून खाली बघताना मुलांना एवढंच विचारायचं, "इथे घोडा कुठून पळवाल?" बाकीचं ती स्वतः शोधतील.

गडावर भवानीचं देऊळ आहे, आणि महाराजांचा अश्वारूढ पुतळा. 30 नोव्हेंबर 1957 ला पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. त्याच सुमाराला, याच नदीवर, खाली धरणाचं काम सुरू होतं.

दुपारी क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेचं दर्शन घ्यायचं, बाजारात अजिबात थांबायचं नाही आणि उतरणीला लागायचं. तापोळा. पंचवीसेक किलोमीटरचा वळणावळणाचा रस्ता. दर वळणाला हवा थोडी उबदार होते, आणि मग एकदम झाडांमधून पाणी.

(दृश्य: शिवसागर जलाशय. काठोकाठ. डोंगरांची उलटी सावली.)

हा शिवसागर, कोयना धरणाचं पाणी. कोयना, सोळशी आणि कांदाटी नद्यांची पात्रं इथे एकमेकांत मिसळलीत, पाण्याची लांब बोटं दऱ्यादऱ्यांत शिरलीत. तापोळ्याला मिनी काश्मीर म्हणायची पद्धत पडलीय. मला ते नाव आवडत नाही. या पाण्याला दुसऱ्या कोणाचं नाव उसनं घ्यायची गरज नाही.

राहायला गावकऱ्यांच्या खोल्या मिळतात, तंबू मिळतात. रोख पैसे वरूनच काढून न्यावेत. मोबाइलची रेंज येते-जाते. जेवणात नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि तांदळाचा भात मागायचा. मासे खाणाऱ्यांनी जलाशयातले मासे. आधी फोन करून सांगितलं तर चुलीवर होतं. एक दिवस नुसता काठावर बसायला ठेवलाय. त्या दिवशी कुठलाच पॉइंट नाही. काही काठांना तराफे चालतात, माणसं, मोटारसायकली, गाड्या पलीकडे नेतात. मुलांना त्यावरून एकदा जायचंय. कांदाटी खोऱ्यातल्या बायका बाजाराची पिशवी घेऊन जशा जातात, तसं.

पाचवा आणि शेवटचा दिवस पुरता वासोटा किल्ल्याचा. त्याच्या आदल्या रात्री मुक्काम बामणोलीला.

(दृश्य: पहाटेचा बामणोलीचा धक्का. लाँचच्या इंजिनाचा आवाज. पिशव्या तपासणारे हात.)

वासोटा कोयना अभयारण्यात येतो. हे अभयारण्य 1985 सालचं. 2010 पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, आणि 2012 साली पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान मिळाला त्यातही ते आहे. वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. पावसाळ्यात गड बंद असतो आणि जंगलात मुक्काम करता येत नाही. म्हणून पहिली लाँच गाठायची. सुमारे दीड तास पाण्यावरून, पायथ्याला उतरायचं, दोन तासांची दाट रानातली चढण आणि दिवस मावळायच्या आत परत. पायथ्याशी पिशव्या तपासतात, प्लास्टिक मोजून घेतात. हे मला फार बरं वाटतं. वाटेत शेकरू दिसलं तर नशीब, आणि गव्याच्या खुरांचे ठसे दिसले तर आवाज खाली.

गडावर फारसं बांधकाम उरलेलं नाही. बाबूकड्याच्या टोकाशी मात्र माणूस गप्प होतो. घोड्याच्या नालासारखा वळलेला प्रचंड कडा, खाली कोकण. 1660 च्या सुमारास महाराजांनी हा किल्ला घेतला आणि त्याला व्याघ्रगड म्हटलं. पेशवाईत पंतप्रतिनिधींच्या बाजूच्या ताई तेलिणीनं इथून पेशव्यांचे सेनापती बापू गोखल्यांच्या फौजेला झुंजवलं. 1818 मध्ये इंग्रजांनी तो घेतला आणि माणसं खाली उतरली. त्यानंतर वर रान वाढत गेलं.

संध्याकाळी बामणोलीहून कासवरून साताऱ्याला आणि मग घर. कासची फुलं तेव्हा सरलेली असतील. ती बघायची तर ऑगस्ट-सप्टेंबरात यावं, आगाऊ नोंदणी करून. एका सुटीत दोन्ही कोंबू नये.

(दृश्य: पुन्हा चाळ. रात्र. फरशीवर नवी ओली रेघ.)

बेत ऐकून आबा मान हलवत होते. नोव्हेंबर चांगला म्हणाले. पावसानं धरण भरलेलं असतं, डोंगर अजून हिरवे, लाँच थेट काठाला लागते. मी विचारलं, "मग तुम्हीही चला ना आबा. आमच्याबरोबर." आबांनी पेल्यातलं उरलेलं पाणी प्यायलं. "भरल्या पाण्यात काय बघू, पोरी?"

धरणाचं काम 1964 ला संपलं, पण पाणी त्याआधीच चढायला लागलं होतं. जवळजवळ शंभर गावं उठली. कोणी रायगडला गेलं, कोणी ठाण्याला, रत्नागिरीला, सांगलीला, सोलापूरला. आबांचं घर त्याच डोंगरावर वर सरकलं. आबा तेव्हा नऊ वर्षांचे. आईनं जात्याची खालची तळी तिथेच ठेवली, कारण ती वर न्यायला बैल नव्हता. पुढे 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा वरचं नवं घरही पडलं. मग आबा मुंबईला आले.

आज त्या पाण्यातून बोगद्यांनी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला पाणी उतरतं आणि कोयना प्रकल्प 1,960 मेगावॉट वीज करू शकतो. पूर्वेला जाणारी नदी आपण कोकणाकडे वळवली. राज्याचे कारखाने त्यावर चालले. आबा या विजेबद्दल कधी वाईट बोलत नाहीत. एकदा फक्त गॅलरीतल्या दिव्याकडे बघून म्हणाले होते, "ह्यात आमचं बी थोडं हाय."

(दृश्य: मे महिन्यातला जलाशय. भेगाळलेला चिखल. पाण्यातून वर आलेले दगडी जोते.)

मे महिन्यात पाणी खाली जातं. ज्या वर्षी फार उतरतं त्या वर्षी जुन्या वस्त्या उघड्या पडतात. घरांचे जोते, देवळाचे दगड, विहिरीचं कडं. तेव्हा लाँच काठाला लागत नाही, चिखलातून चालावं लागतं, आणि सहलीला आलेले लोक म्हणतात की आता काही बघण्यासारखं नाही. आबा नेमके तेव्हा जातात. साताऱ्याची एसटी धरतात, बामणोलीला उतरतात, ओळखीच्या नावाड्याला फोन करतात. जोत्यावर बसून भाकरी खातात आणि परत येतात. जात्याची तळी त्यांना अजून सापडलेली नाही.

माझी मुलगी इतका वेळ कालनिर्णयावर ओणवी होती. नोव्हेंबरच्या पाच तारखांना तिनं गोल केले होते. तिनं पान मागे उलटलं, यंदाचा मे कधीच सरला होता. मग ती भिंतीमागच्या खोलीतून तिची शाळेची वही घेऊन आली, मागच्या पानावर पुढच्या मेचा चौकोन आखला आणि वही आबांसमोर धरली. "कुठली तारीख लिहू?"

आबांनी पेन घेतलं. चौकोनात तारीख लिहिली नाही. जोडाक्षरं टाळत, एकेक अक्षर सुटं काढत लिहिलं:

पाणी बघून.

(दृश्य: वहीचं पान. काळोख. दुरून लाँचच्या इंजिनाचा आवाज, मग तोही थांबतो.)