चार पावलांवरचा केक

(दृश्य: ऑफिसातली दुपार. टेबलावर पुठ्ठ्याचा खोका येतो. झाकण उघडतं. चेहरे दिसत नाहीत, फक्त हात.)

दुपारचे चार वाजलेत. कुणाचा तरी वाढदिवस आहे. खोका उघडला, सुरी आली, आणि पाच मिनिटांपूर्वी ज्यांना भूक नव्हती ती माणसं खुर्च्या मागे सारून उठली.

एक बाई मात्र जागची हललेली नाही. डोळे स्क्रीनवर आहेत, पण गेली दोन मिनिटं तिने एक अक्षर टाइप केलेलं नाही. डाएटचा तिसरा आठवडा चाललाय. सकाळी मोजून खाल्लं, डबा मोजून भरला, मधल्या वेळी नुसतं पाणी प्यायली. केक तिच्यापासून चार पावलांवर आहे. तेवढ्यात एक कागदी बशी तिच्या टेबलावर येते आणि तिच्यासोबत शब्द येतात : ‘‘घे गं, एवढ्याशाने काय होतंय?’’

या लघुपटात आपण या बशीच्या आसपासच राहणार आहोत. डाएट मोडलं की माणूस पहिला बोल स्वतःला लावतो. माझ्यात निग्रहच नाही, मी जिभेची गुलाम आहे, असं म्हणतो. इतक्या माणसांच्या तोंडून हे ऐकलंय की आता ऐकवत नाही. कारण गेल्या पन्नास-साठ वर्षांत प्रयोगशाळांमधून जे हाती आलंय, ते वेगळीकडे बोट दाखवतं. ते बोट मनाकडे कमी आणि त्या चार पावलांकडे जास्त आहे.

(दृश्य: रिकामा पॅन्ट्रीचा ओटा. हळूहळू बिस्किटांचे पुडे, चॉकलेटचे डबे, अर्धा केक जमत जातो.)

ऑफिसातलं हे खाणं किरकोळ वाटतं. एक तुकडा, दोन बिस्किटं. पण अमेरिकेतल्या रोगनियंत्रण केंद्राच्या संशोधकांनी सुमारे ५,२०० नोकरदारांच्या एका आठवड्याच्या खाण्याच्या नोंदी तपासल्या आणि २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. जवळपास चौघांपैकी एकाने त्या आठवड्यात कामाच्या जागीच खायचं काहीतरी मिळवलं होतं. अशा प्रत्येकाच्या हाती त्यातून सरासरी १,३०० च्या आसपास कॅलरी आल्या होत्या. यातल्या सत्तर टक्क्यांहून अधिक कॅलरी फुकट मिळालेल्या खाण्यातल्या होत्या. मीटिंगला मागवलेल्या, कुणीतरी आणून ठेवलेल्या, उरलेल्या. पैसे मोजावे लागले असते तर निदान खिशात हात घालताना क्षणभर विचार झाला असता. फुकटच्या खाण्यात तो क्षणही मिळत नाही.

ब्रिटनमध्ये २०२३ च्या जानेवारीत यावरून मोठा गदारोळ झाला. तिथल्या अन्न मानक संस्थेच्या अध्यक्ष प्राध्यापक सुझन जेब यांनी एका वर्तमानपत्राशी बोलताना ऑफिसात केक आणण्याची तुलना दुसऱ्याच्या सिगारेटच्या धुराशी केली. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत हे त्यांनाही मान्य होतं, आणि मत त्यांचं वैयक्तिक होतं. तरी लोक चिडले. वाढदिवसाच्या केकला धूर म्हटलेलं कुणाला आवडेल? पण त्यांचा मूळ मुद्दा साधा होता. कुणी केक आणलाच नाही, तर मी दिवसभरात केक खात नाही. आणला, तर खाते. भूक तीच, माणूस तोच. बदललं ते फक्त टेबल.

(दृश्य: बुटकं टेबल, छोटी खुर्ची. झाकलेलं ताट.)

आता थोडं मागे जाऊ. १९७० साल, स्टॅनफर्ड विद्यापीठाची बालवाडी. वॉल्टर मिशेल आणि त्यांचे सहकारी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना एकेक करून खोलीत बसवत. थोडा वेळ थांबलास तर आवडता खाऊ मिळेल, थांबवलं नाही तर खूण कर, मग त्यातल्या त्यात कमी आवडता खाऊ मिळेल. हा प्रयोग पुढे मार्शमेलो या मऊ गोड खाऊच्या नावाने जगभर गाजला, आणि गाजताना त्याचा अर्थ एवढाच उरला की जी मुलं थांबली ती खंबीर मनाची, पुढे आयुष्यात तीच यशस्वी झाली. २०१८ मध्ये नऊशेहून अधिक मुलांवर हा संबंध पुन्हा तपासला गेला. घरची परिस्थिती हिशेबात धरली की तो बराच फिका पडला.

पण त्या पहिल्या प्रयोगातली एक गोष्ट फारशी सांगितलीच जात नाही. मला तीच सगळ्यांत मोलाची वाटते. मिशेल यांनी काही मुलांसमोर दोन्ही खाऊ उघडे ठेवले, आणि काहींसमोरून दोन्ही हलवले. खाऊ डोळ्यांसमोर असलेली मुलं सरासरी जेमतेम एक मिनिट थांबली. खाऊ समोर नसलेली मुलं अकरा मिनिटांहून जास्त थांबली.

मुलं त्याच बालवाडीतली, त्याच वयाची, खाऊही तोच. एक मिनिट आणि अकरा मिनिटं यांच्यातलं अंतर कुणाच्या स्वभावातून आलं नव्हतं. ते खाऊ दिसतो की नाही, यातून आलं होतं.

शिवाय जी मुलं खाऊ समोर असूनही थांबली, ती काय करत होती? खाऊकडे रोखून बघत मन मारत नव्हती. कुणी डोळ्यांवर हात घेतले, कुणी भिंतीकडे तोंड केलं, कुणी स्वतःशीच गाणी म्हटली, कुणी झोपायचा प्रयत्न केला. चार-पाच वर्षांच्या लेकरांना जे आपसूक सुचलं, ते आपण मोठे होता होता विसरतो आणि उघड्या खोक्यासमोर बसून स्वतःची परीक्षा घेत राहतो.

(दृश्य: पुन्हा ऑफिस. बाई स्क्रीनकडे बघतेय, पण काचेत मागच्या केकचं प्रतिबिंब आहे.)

आपल्याकडे म्हणतात, दृष्टीआड सृष्टी. ऑफिसात ही सृष्टी डोळ्यांआड करणं सोपं नसतं, पण अशक्यही नसतं. खाणं जवळून लांब हलवलं तर ते कमी खाल्लं जातं का, याचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१९ मध्ये घेतला. उपलब्ध प्रयोग थोडे आणि पुरावा अजून कच्चा आहे, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. दिशा मात्र तीच निघाली, लांब ठेवलं की कमी घेतलं जातं. त्यामुळे चॉकलेटचा डबा आपल्या टेबलावरून उचलून पॅन्ट्रीतल्या बंद कपाटात ठेवावा. आणि तो शेजारच्याचा असेल, तर त्याला मोकळेपणाने सांगावं : ‘‘अरे, हा डबा तुझ्या खणात ठेवशील का? समोर असला की माझा हात जातो.’’ यात कमीपणा काही नाही.

(दृश्य: काळोख. एका बाजूला मुळ्यांची बशी, दुसऱ्या बाजूला ताजी बिस्किटं.)

मनाच्या ताकदीबद्दल एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण तिने बऱ्याच लोकांची दिशाभूल केली. १९९८ मध्ये रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी भुकेल्या विद्यार्थ्यांना ताज्या भाजलेल्या बिस्किटांच्या वासात बसवलं. काहींना बिस्किटं खायची मुभा होती, काहींना फक्त मुळे. नंतर सगळ्यांना न सुटणारं कोडं दिलं. मुळेवाल्यांनी ते लवकर सोडून दिलं. त्यावरून निष्कर्ष निघाला की निग्रह हा पिंपातल्या पाण्यासारखा असतो, वापरला की संपतो. ही कल्पना पुस्तकांतून आणि प्रशिक्षणांतून सगळीकडे पोचली. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून, दोन हजारांहून अधिक माणसांवर, निग्रह वापरून संपतो का हे तपासलं. परिणाम जवळजवळ शून्य आला. चार वाजता माझा निग्रह संपलेला असतो, असं स्वतःला सांगत असाल, तर ते एकदा थांबवून बघायला हरकत नाही.

जर्मनीतल्या वुर्त्सबुर्ग शहरात २०५ जणांना आठवडाभर दिवसातून अनेकदा विचारण्यात आलं : आत्ता काही हवंसं वाटतंय का, आणि तुम्ही ते टाळताय का? ज्यांचा स्वतःवर ताबा चांगला समजला जातो, ती माणसं मोहाशी जास्त झुंजत असतील असं वाटावं. झालं उलटं. त्यांच्या वाट्याला झुंजच कमी आली. त्यांनी आपला दिवस असा लावला होता की मोह फारसे समोर येत नव्हते.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. लांबलचक टेबल, हडकुळे तरुण, जवळजवळ रिकामी ताटं.)

इथे जरा थांबू या. टेबल कितीही रिकामं केलं, तरी पोट रिकामं असेल तर काय होतं?

१९४४ च्या अखेरीस अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात आन्सेल कीज यांनी ३६ तरुणांवर एक प्रयोग सुरू केला. हे तरुण लढाईला नकार देणारे होते आणि युद्धाने उपाशी पडलेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊपिऊ घालावं हे कळावं, म्हणून स्वतःहून आले होते. २४ आठवडे त्यांना रोज साधारण १,६०० कॅलरी मिळत. या काळात त्यांचं वजन जवळपास एक चतुर्थांशाने घटलं. पण नोंदींमध्ये लक्ष वेधून घेतं ते त्यांचं मन. ज्यांनी कधी स्वयंपाकघरात पाऊल ठेवलं नव्हतं, ते पाककृतींची पुस्तकं वाचत बसत. स्वप्नात अन्न येई. ताट चाटून पुसून खात, एकेक घास रेंगाळत संपवत. पुढे बाहेर चोरून खाण्याचे प्रकार झाले, तेव्हा प्रत्येकाने सोबत कुणाला तरी घेऊनच बाहेर पडायचं, असा नियम करावा लागला.

हे लोक ध्येयासाठी उपाशी राहणारे होते. त्यांच्या निग्रहावर कोण शंका घेईल? तरी अन्न त्यांच्या डोक्यात घर करून बसलं. आणि आज १,२०० कॅलरींचे आहारतक्ते सर्रास हातोहात फिरतात. तेवढ्यावर दिवसभर काम करणाऱ्या माणसाला चार वाजता केकशिवाय काही दिसेनासं झालं, तर तो त्याचा दुबळेपणा नाही. ते शरीर आपलं काम चोख करतंय. दुपारच्या डब्यात प्रथिनं आणि चोथा पुरेसा असेल, आणि साडेतीनच्या सुमारास ठरवून काहीतरी खाल्लेलं असेल, तर चारचा केक हा निदान भुकेचा प्रश्न राहत नाही. मग उरते ती फक्त डोळ्यांची भूक.

झोपेचंही तसंच. शिकागोमधल्या संशोधकांनी २००४ मध्ये १२ निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. दहा तास झोपल्यानंतरच्या तुलनेत भूक जागवणारं घ्रेलिन हे संप्रेरक २८ टक्क्यांनी वाढलं, पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं. प्रयोग लहान होता. पण जागरणानंतरच्या दिवशी खा खा सुटते, हे कुणाला सांगावं लागत नाही.

(दृश्य: कागदी बशीत एक घास खाल्लेला तुकडा.)

आणि समजा, घेतला तो तुकडा. पुढे?

१९७५ मध्ये पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी विद्यार्थिनींना मिल्कशेक दिलं आणि मग आइस्क्रीम चाखायला बसवलं, हवं तेवढं. ज्या एरवी खाण्यावर ताबा ठेवत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. ज्या डाएट सांभाळत होत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर उलट जास्त खाल्लं. मोडलंच आहे आता, मग खाऊनच घेऊ.

हे वाक्य ओळखीचं आहे ना? केकच्या तुकड्याने वजनाचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते या वाक्यानंतर संध्याकाळभर जे खाल्लं जातं त्याने. हे वाक्य मनात आलं की ते ओळखायचं आणि पुढचं जेवण जसं ठरलं होतं तसंच जेवायचं. दिवस तिथून पुढे नेहमीसारखाच चालू ठेवायचा.

(दृश्य: दोन सहकारी. एकीच्या हातात बशी, दुसरीचा हात नको म्हणत वर.)

आता सगळ्यांत अवघड गोष्ट. बशी पुढे करणारी बाई शत्रू नाही. ती रात्री जागून केक करून आलीय. ‘‘माझ्या हातचा आहे, बघ तरी,’’ असं ती म्हणते तेव्हा ती साखर देत नसते, माया देत असते. त्या मायेला नाही म्हणणं जड जातं, आणि जायलाच हवं. मग आपण सबबी शोधतो. पोट बिघडलंय. आत्ताच जेवले. डॉक्टरांनी मना केलंय. सबब दिली की समोरून तोड येते, आणि तिसऱ्या आग्रहाला बशी हातात असते.

२०१२ च्या एका अमेरिकी अभ्यासात नकाराच्या शब्दांवरच लक्ष दिलं होतं. मला चालत नाही, असं म्हणणारे मोहाला लवकर बळी पडले. मी खात नाही, असं म्हणणारे जास्त टिकले. मराठीत तर हा फरक कानालाच कळतो. ‘चालत नाही’ म्हटलं की कुणीतरी बंदी घातल्यासारखं वाटतं, आणि बंदी सैल करता येते. ‘मी खात नाही’ हा आपला स्वतःचा निर्णय असतो. त्याला पुढे कारण जोडावं लागत नाही.

आणि हे शब्द आधी ठरलेले हवेत. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्वित्झर यांनी १९९९ मध्ये मांडलं की ‘मी कमी खाईन’ अशा मोघम निश्चयापेक्षा ‘असं झालं, तर मी असं करेन’ हा निश्चय जास्त पार पडतो. बशी पुढे आली तर मी केकचं कौतुक करेन, नको म्हणेन आणि लगेच विषय तिच्याकडे नेईन, केक कसा केला ते विचारेन. एवढं नेमकं. कौतुक मनापासून करावं, कारण तिला जे हवं असतं त्यातलं बरंचसं तिथेच मिळतं.

तरीही मन ओढ घेत राहिलं, तर ती ओढ बहुतांशी चित्राची असते. मऊ थर, वरची साय, पहिला घास. प्लायमथ विद्यापीठात २०१४ मध्ये लोकांना तीन मिनिटं टेट्रिस हा ठोकळे रचायचा व्हिडिओ गेम खेळायला दिला, तर हव्यासाची तीव्रता कमी झाली. डोळे आणि मन दुसऱ्या चित्रात गुंतले की केकच्या चित्राला जागा उरत नाही. तीन मिनिटं.

(दृश्य: पुढचा आठवडा. तेच टेबल, नवा खोका. चार वाजलेत.)

आज ती उठलीय. सगळ्यांसोबत उभी आहे, टाळ्या वाजवतेय. साडेतीनला तिने डब्यातलं खाल्लंय. बशी पुढे येते.

‘‘घे गं.’’

‘‘किती सुंदर झालाय! मी नाही खात. वरचं हे कसं केलंस, सांग ना.’’

बशी क्षणभर तशीच थांबते, मग शेजारच्याकडे सरकते. कृती सांगणं सुरू होतं, लोणी किती, ओव्हन किती वेळ. मग माणसं आपापल्या जागी पांगतात. ती बसते, टाइप करायला लागते. तिच्या मागे, कुणी न सांगता, केकवाली खोक्याचं झाकण लावते आणि खोका उचलून पॅन्ट्रीत घेऊन जाते.