रिकामी बरणी परत जात नाही

श्रोतेहो, नमस्कार.

शेजारणीकडून ताटलीभर काही आलं, तर ती ताटली रिकामी परत करायची नाही, ही रीत तुमच्याही घरी असेल. काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालायची, पण रिकामी नाही. मी दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात राहते. काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारी आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर राहायला आल्या. मूळच्या परतवाड्याकडच्या. पहिल्याच नाताळला त्यांच्याकडून भलंमोठं ताट आलं: करंज्या, चकल्या, अनारसे. सासूबाईंनी वरचा रुमाल बाजूला केला न् म्हणाल्या, "मायबाई, हे तं आपली दिवाळीच परत आली वं!"

आता ताट परत करताना त्यात काय घालावं? दिवाळीचे डबे धुऊन पालथे घातलेले, संक्रांत अजून लांब. त्या वर्षी गुळावर भागवलं. पण मनाला लागलं. पुढच्या वर्षी आपणच आधी काही द्यायचं ठरवलं, आणि लोणच्याची एक रिकामी काचेची बरणी रंगवायला घेतली.

रेडिओवरून रंग काही दाखवता येत नाहीत. म्हणून माझ्या चुकाच सांगते, त्या ऐकूनही समजतात.

पहिल्या वर्षी मी दाराला लावून उरलेला ऑइल पेंट वापरला. बरणी आठवडाभर चिकट राहिली. जिथे हात लावला तिथे बोटाचा ठसा. तशीच त्यात शंकरपाळे भरले, झाकण घट्ट लावलं आणि देऊन आले. शंकरपाळ्यांना टर्पेंटाइनचा वास! सिस्टर म्हणाल्या, "वहिनी, छान खुसखुशीत झालेत." आणि एकच खाल्ला.

तेव्हापासून मी पाण्यात कालवायचे ॲक्रेलिक रंग वापरते. तालुक्याच्या स्टेशनरीच्या दुकानात छोट्या बाटल्या मिळतात. काचेसाठीचे वेगळे रंगही मिळतात, त्यांतून आरपार उजेड दिसतो, ते अधिक सुंदर. कोणताही घ्या, पण एक लक्षात असू द्या. भिंत रंग पिते, लाकूड पितं, मडकं पितं. काच पीत नाही. रंग तिच्यावर नुसता बसून असतो. त्यामुळे त्याच्या खाली तेलाचं बोट जरी लागलेलं असलं, तरी तो पापुद्र्यासारखा सुटतो.

म्हणून खरं काम रंगवण्याच्या आधीचं. बरणी कोमट पाण्यात खायचा सोडा टाकून रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी कागद सुटतो. मागे राहिलेला डिंक मात्र हट्टी. त्यावर गोडेतेल आणि सोडा कालवून चोळायचं. खोबरेल डिसेंबरात थिजलेलं असतं, म्हणून शेंगदाण्याचं घ्या. रॉकेलने डिंक लवकर निघतो, वास मात्र निघत नाही. मग साबणाने दोनदा धुवायची.

आता आमच्या भागातली एक अडचण. आम्ही खारपाणपट्ट्यातली माणसं. अमरावती, अकोला, बुलडाण्यात पूर्णेच्या काठाकाठाने जो पट्टा जातो, तिथल्या विहिरीच्या खाऱ्या पाण्याची चव तुम्हाला ठाऊक आहे. त्या पाण्याने धुतलेली काच वाळली की तिच्यावर पांढरट डाग उमटतात. रंग त्या डागांवर बसतो, काचेवर नाही. शेवटच्या पाण्यात अर्धं लिंबू पिळायचं आणि लगेच सुती फडक्याने कोरडी करायची. दवाखान्यातलं स्पिरिट कापसावर घेऊन एकदा फिरवलं तर उत्तमच. त्यानंतर बरणी धरायची ती आत हात घालून. बाहेरून नाही.

रंग फक्त बाहेरून द्यायचा. आत खाऊ असतो, तिथे रंगाचं काय काम? आणि तोंडापासून दोन बोटं जागा कोरी सोडायची, म्हणजे झाकण फिरवताना रंग खरवडत नाही. एकच जाड थर देण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर द्या, मधे प्रत्येक वेळी पूर्ण वाळू द्या.

वाळणं आणि पक्कं होणं यांत फरक आहे, हे मला फार उशिरा कळलं. ॲक्रेलिक तासाभरात वाळल्यासारखा वाटतो, पण काचेवर पुरता पक्का व्हायला तीन आठवडे घेतो. आता हिशोब करा. नाताळ २५ डिसेंबरला. त्यातून २१ दिवस वजा केले की उरले ४. म्हणजे ४ डिसेंबरच्या आत ब्रश धुऊन ठेवलेला पाहिजे. शहरात ओव्हन असणाऱ्या बाया बरणी थंड ओव्हनमध्ये ठेवून हळूहळू तापवतात आणि आतच थंड होऊ देतात. किती तापवायचं ते रंगाच्या बाटलीवर लिहिलेलं असतं. आपल्याकडे ओव्हन नाही म्हणून कोणी चुलीच्या निखाऱ्यावर प्रयोग करू नका. काच एका बाजूने तापली, दुसऱ्या बाजूने गार राहिली, की तडकते. आमच्या जाऊबाईंनी केलं होतं. आवाज मी माझ्या अंगणात ऐकला.

काय काढायचं, यावर मला जरा बोलू द्या. बाजारातल्या कार्डांवर असतं तसं बर्फ, सूचिपर्णी झाडं, हरणं जोडलेली गाडी, असं काढायला सगळे धावतात. आमच्या गावात बर्फ फक्त बर्फगोळ्याच्या गाडीवर. सिस्टरच्या घरी नाताळचं झाड म्हणजे कुंडीतली मोरपंखी, आणि तिच्यावरचा बर्फ म्हणजे आमच्याच वावरातला कापूस. वेचणी चालू असते, दोन बोंडं मागून नेतात. मग बरणीवर कापसाची बोंडं का नको? पांढरा रंग सुक्या स्पंजने टिपटिप ठोकला की फुटलेलं बोंड हुबेहूब दिसतं.

सिस्टरनीच एकदा सांगितलं की मराठी बायबलात येशूबाळाला गव्हाणीत ठेवलं, असं लिहिलंय. मी म्हटलं, गव्हाणीत? म्हणजे आमच्या गोठ्यातल्या गव्हाणीत? "हाव ना, तीच," त्या हसून म्हणाल्या. त्या वर्षी मी बरणीवर गव्हाण काढली. वर कडबा, बाजूला एक बैल, आणि गोठ्याच्या आढ्यावर चांदणी. बैल मला येतो, पोळ्याला दरसाल भिंतीवर काढते.

ज्यांना चित्र येत नाही असं वाटतं, त्यांना ठिपक्यांची रांगोळी येतेच. काडीपेटीच्या काडीचं मागचं टोक रंगात बुडवा आणि ठिपके द्या. बरणी गोल आहे, ओळ तिरकी जाते, म्हणून आधी रबरबँड चढवा आणि त्याच्या कडेने जा.

भरायचं काय? लोणच्याच्या झाकणाचा वास रबरात मुरलेला असतो, तो उन्हातही जात नाही. अशा बरणीत गोड घालूच नका, जवसाची चटणी भरा. कॉफीच्या किंवा मधाच्या बाटलीत लाडू चालतील, पण पुरते निवल्यावर. गुंडाळायला वर्तमानपत्र नको, छापील शाई ताज्या रंगाला चिकटते. जुन्या सुती लुगड्याचा तुकडा घ्या, वर गाठ मारा. आणि घेणाऱ्याला सांगा, ही बरणी ओल्या फडक्याने पुसायची, काथ्याने घासायची नाही.

ती गव्हाणीची बरणी गेली, ती संक्रांतीला परत आली. आत तिळाच्या वड्या. रीत सिस्टरच्या घरीही तीच. बैलाचं एक शिंग मात्र उडालेलं होतं, कारण त्या वर्षी मी १५ डिसेंबरला रंगवायला बसले होते. मी शिंग पुन्हा काढलं आणि पुढच्या नाताळला बरणी भरून पाठवली. यंदा ती चौथ्यांदा जायची आहे. नवं शिंग जुन्यापेक्षा जरा वाकडं आलंय, सिस्टरना तेच आवडतं.

नमस्कार.