पॉपचं गाणं आणि मामांचा गजर

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय पॉप संगीताबद्दल. एसटी स्टँडवर, चहाच्या टपरीवर, हळदीच्या मांडवात हे संगीत आपल्या कानावर पडत असतं. पण पॉप कशाला म्हणायचं असं कुणी विचारलं, तर बहुतेक जण सांगतात, जे गाजतं ते पॉप. हे उत्तर मला पटत नाही. गीतरामायणाचंच घ्या. 1955 च्या रामनवमीला पुण्याच्या आकाशवाणीवर ते सुरू झालं, वर्षभर चाललं, एकूण 56 गीतं झाली. शब्द गदिमांचे, चाली बाबूजींच्या. लोक रेडिओला हार घालून ऐकायला बसत. इतकं गाजलेलं दुसरं काही मराठीत दाखवा. तरीही गीतरामायण पॉप नाही. तिथे श्रोता मुद्दाम हात धुऊन बसायचा, कथेबरोबर पुढे पुढे जायचा.

पॉपचा श्रोता मुद्दाम बसलेला नसतो. तो गाडी चालवत असतो, भांडी घासत असतो, दुकानात हिशेब करत असतो. त्याचं लक्ष दुसरीकडे असताना त्याला धरायचं, हे पॉपचं काम. त्यासाठी पॉप दोन गोष्टी करतं. त्या दोन्ही लक्षात ठेवा, मी पुन्हा सांगणार आहे. पहिली गोष्ट, चालीचा एक छोटा तुकडा, जो लवकर येतो आणि परत परत येतो. दुसरी गोष्ट, रेकॉर्डिंग. पॉपमध्ये जे रेकॉर्ड झालं, तेच गाणं.

त्या छोट्या तुकड्याला मुंबईच्या स्टुडिओत हुकलाइन म्हणतात. अंतरा येतो, जातो. हुकलाइन मात्र तीच राहते, तेच शब्द, तीच चाल. हे नुसतं सांगून कळत नाही. मला कळलं ते आमच्या मामांमुळे. म्हणून ती हकीकत आधी सांगतो.

आमचे मामा भजनी बुवा. कणकवलीच्या आतल्या बाजूला त्यांचं गाव. डबलबारी काय असते हे सिंधुदुर्गातल्या श्रोत्यांना सांगायची गरज नाही. दोन बुवा समोरासमोर, दोन पेट्या, दोन पखवाज, मागे झांजा आणि कोरस, आणि रात्रभर एकमेकांना दिलेली उत्तरं. मामांचा आवाज भारी नव्हता, पण चाल हेरण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता.

गणपतीचे दिवस होते. कॅसेटचा जमाना. मामेभाऊ लालबागहून आला होता, सोबत टेपरेकॉर्डर आणि इंग्रजी गाण्यांच्या कॅसेटी. रात्री देवळात बारी ठरलेली. दुपारी मामा पडवीत पेटी उघडून बसले होते, एक सूर अडकत होता तो साफ करत होते. भाऊ ओट्यावर टेप लावून बसलेला. घरात कुणाला त्या गाण्याचा एक शब्द कळत नव्हता. गाणं अर्ध्यावर आलं आणि मामांनी मान वर केली.

"बाबू, तां परत लाव."

भावाने कॅसेट मागे फिरवून गाणं सुरुवातीपासून लावलं. मामा म्हणाले, "पयलां नको रे. तां मदलां लाव."

आता कॅसेटवर मधलं नेमकं सापडवणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक. मागे फिरव, थांबव, ऐक, पुढे ने. चार-पाच वेळा तोच तुकडा वाजला. मामांनी डाव्या हाताने भाता ओढला आणि उजव्या हाताने तो तुकडा पेटीवर काढला. जेमतेम एका ओळीचा. मग भाऊ पुढचं ऐकवायला लागला, तर मामांनी हात वर केला. "येवडांच व्हयां माका. बाकीचां ऱ्हवांदे."

तेवढ्यात आमचे पखवाजवाले आले. मामांनी त्यांना पेटीवर वाजवून दाखवलं. त्यांनी मांडीवर ठेका धरला, आणि तो आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात सरळ बसला. कुठे ओढायला नको, कुठे दाबायला नको. यात नवल नाही, कारण जगातलं बहुतेक पॉप चार-चारच्या मोजणीत चालतं. पण त्या वेळी मला ती जादू वाटली. जाता जाता एक सांगतो. हल्ली काही मंडळी पखवाजाऐवजी बटणं दाबून वाजणारे पॅड घेऊन बारीला बसतात. बसू नये. पखवाजाचा घुमारा बटणातून येत नाही, आणि वाजवणाऱ्याचा हात दिसला नाही तर समोरच्यानं दाद कशाला द्यायची?

तर रात्र. समोरचे बुवा कसलेले. त्यांच्या अभंगाने देऊळ भारून गेलं, मामांची बाजू उतरल्यासारखी वाटायला लागली. मग मामांची पाळी आली आणि त्यांनी गजर उचलला. शब्द विठ्ठलाच्या नावाचे, चाल दुपारची. पहिल्या आवर्तनाला लोक नुसते बघत राहिले. दुसऱ्या आवर्तनाला मागे माडाला टेकलेली पोरं टाळ्या द्यायला लागली. तिसऱ्याला पायरीवरच्या बायका गाऊ लागल्या. कुणी शिकवलं नव्हतं, कुणी कागद दिला नव्हता. चाल दोनदा ऐकली आणि तिसऱ्यांदा ती त्यांची झाली. मामांनी लय वाढवली, तशी समोरच्या बुवांच्या कोरसमधली माणसंही झांजा वाजवायला लागली! समोरचे बुवा खेळकर माणूस. आपली पाळी आल्यावर आधी पेटीवर हात ठेवून म्हणाले, "बुवानू, चाल खयची ती माका म्हायत नाय, पण आजची रात तुमची."

श्रोतेहो, एवढ्यावरच ही हकीकत संपली असती तर मी ती फक्त नातेवाइकांत सांगितली असती. खरी गंमत सकाळची.

मामी बारीला आल्या नव्हत्या, घरात दुसऱ्या दिवसाच्या नैवेद्याची तयारी होती. देवळावरच्या कर्ण्यातून जे घरापर्यंत आलं तेवढंच त्यांनी ऐकलेलं. सकाळी त्या आडाळ्यावर बसून नारळ खवत होत्या आणि तोच गजर गुणगुणत होत्या. खोबऱ्याचा एक फेर आणि चालीचं एक आवर्तन, असं दोन्ही बरोबर चाललं होतं. भावाला हुरूप आला. त्याने टेप आणला, मूळ इंग्रजी गाणं लावलं आणि विचारलं, "आये, वळखलंस?"

मामींनी पूर्ण ऐकलं. तो तुकडा आला, गेला, परत आला. मान हलवून म्हणाल्या, "ह्यां तां नाय हां. ह्यां वायलां."

भाऊ हिरमुसला. मला मात्र अजून ते उत्तर अतिशय बरोबर वाटतं. चाल तीच होती, पण टेपमधला तो घट्ट ढोल, कानाशी येऊन बोलल्यासारखा गायिकेचा आवाज, मागे पसरलेले सिंथेसायझरचे सूर, यातलं काही गजरात नव्हतं. मामींच्या मनात बसलेलं गाणं मामांच्या घोगऱ्या आवाजाचं आणि झांजांचं होतं. आता सुरुवातीला सांगितलेल्या त्या दोन गोष्टी परत आठवा. छोटा तुकडा गावोगाव जातो, भाषा ओलांडतो, इंग्रजीतून विठ्ठलाकडे येतो. रेकॉर्डिंगचा नाद मात्र जात नाही, तो तिथेच राहतो. तुकडा आणि नाद, दोन्ही मिळून पॉप.

वेळ थोडा उरलाय, तेव्हा नादाबद्दल भरभर सांगतो. 1925 च्या सुमारास मायक्रोफोनवर रेकॉर्डिंग सुरू झालं, आणि गायकाला आवाज पकडणाऱ्या कर्ण्यात ओरडायची गरज राहिली नाही. हळू, जवळून गाणं शक्य झालं. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावत, म्हणून गाणं तीन मिनिटांचं झालं. तबकड्या गेल्या, माप राहिलं. इंग्लंडच्या बीटल्स या बँडने 1966 मध्ये दौरे थांबवले आणि ते स्टुडिओत थरावर थर चढवत बसले. त्यांची नंतरची कित्येक गाणी मंचावर जशीच्या तशी वाजवणं तेव्हा शक्यच नव्हतं. रागसंगीतात आजची मैफल वेगळी, उद्याची वेगळी, आणि त्यातच त्याचं मोठेपण. पॉपमध्ये रेकॉर्डिंग एकदा झालं की तेच मूळ, मंचावरचा गायक त्याचीच आठवण करून देतो.

आणि मोजणी. पॉप मोजलं जातं. 1952 मध्ये इंग्लंडात तबकड्यांच्या खपावरून गाण्यांची पहिली क्रमवारी छापून आली. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली, आणि पुढे अमीन सयानींच्या तोंडून आपण पायदान, म्हणजे गाण्याचा क्रमांक, ऐकायला शिकलो. अमेरिकेत 1958 पासून शंभर गाण्यांची यादी निघते. आज ही मोजणी फोनवर होते. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद ऐकलं तरच ते ऐकलं असं धरतात, म्हणून आताच्या गाण्यांतलं सुरुवातीचं वाद्यसंगीत आखडत चाललंय आणि हुकलाइन पुढे पुढे येतेय. हे मला आवडत नाही. गाण्याला दाराशी थोडं थांबू द्यावं.

स्वीडनचा मॅक्स मार्टिन अमेरिकेला एकामागून एक गाजलेली गाणी देतो. त्याच्याकडे चालीचं माप आधी, शब्द त्या मापात बसवायचे. मामा पडवीत तेच करत होते. त्यांच्याकडे माप लालबागच्या कॅसेटवरून आलं आणि शब्द पंढरीचे होते.

काही जाणकार पॉपला उथळ म्हणतात. दोनदा ऐकून तिसऱ्यांदा बाईच्या ओठावर येईल अशी एक ओळ त्यांनी करून दाखवावी. ते सोपं नाही. चाल फार साधी असली तर पोरं कंटाळतात, फार अवघड असली तर पायरीवरच्या बायका गप्प राहतात. त्या दोन्हींच्या मधली ओळ ज्याला सापडली, तो माझ्या लेखी मोठा कलावंत.

श्रोतेहो, तुम्हाला एक काम देतो. घरात जे पॉप गाणं वाजतं ते घड्याळ समोर ठेवून ऐका. हुकलाइन कितव्या सेकंदाला येते आणि संपूर्ण गाण्यात किती वेळा येते, ते लिहून कळवा. गाण्याबरोबर गीतकार आणि संगीतकाराचं नावही लिहा. फोनवर ते कुठेतरी खाली बारीक अक्षरात असतं, आणि अलीकडे निवेदकही ते सांगायचं टाळतात. शोधावं लागलं तर शोधा, पण लिहा. तुमची पत्रं पुढच्या वेळी वाचून दाखवीन. नमस्कार.